आधी खोली जुळवावी

नवा फ्लॅट बघायला गेलेला मराठी माणूस काय काय बघतो याची यादी करायला बसले तर ती बरीच लांबेल. तो नळ सोडून पाण्याला जोर किती आहे ते बघतो, खिडकी कुठल्या दिशेला उघडते ते बघतो, ओटा बघतो, देवघराची जागा बघतो, भिंतीवर बोटाने टकटक करतो आणि खाली उतरल्यावर पार्किंगमध्ये आपली गाडी वळेल की नाही याचा हिशेब मांडतो. बँकेत असताना गृहकर्जाच्या निमित्ताने अशी शेकडो घरे मी पाहिली आणि ती घेणारी माणसेही पाहिली. पण रिकाम्या हॉलच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवून पाहणारा गृहस्थ मला आजवर भेटलेला नाही.

वाजवून पाहावी. त्याला काही खर्च येत नाही. टाळी वाजते आणि लगेच विरते, तर खोली चांगली. टाळीच्या मागोमाग फडफडल्यासारखा किंवा पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज आला, तर समजावे की समोरासमोरच्या दोन भिंती आपल्या टाळीचा झेल घेऊन एकमेकींकडे टाकत बसल्या आहेत. उद्या याच भिंती आपल्या बोलण्याचे, भांड्यांचे, दूरदर्शन संचाचे आणि गाण्याचे हेच करणार असतात. आपल्याला वाटते, आपण स्पीकर ऐकतो. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक आपण खोली ऐकत असतो.

हा विषय माझ्या मागे लागला तो आमची जुनी सोसायटी पुनर्विकासाला गेल्यानंतर. तीन वर्षे भाड्याच्या घरात काढून आम्ही त्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत बाराव्या मजल्यावर राहायला आलो. सोळा फूट लांब, अकरा फूट रुंद आणि नऊ फूट उंच असा हॉल. एका टोकाला जेवणाचे टेबल, दुसऱ्या टोकाला माझे स्पीकर, तबकड्या आणि सीडी. फरशा आरशासारख्या चकचकीत, भिंती गुळगुळीत, एका बाजूला सरकती काच. घर पाहायला आलेल्या प्रत्येकाने ‘वा!’ म्हटले आणि ते ‘वा’ प्रत्येक वेळी छतापर्यंत जाऊन परत आले.

पहिल्या रविवारी किशोरीताईंचा भूप लावला. चाळीस वर्षे ऐकलेली तबकडी, तेच यंत्र, तेच स्पीकर. पण तानेचे दाणे एकमेकांना चिकटलेले, डग्गा घुमून घुमून पुढच्या बोलावर चढणारा, आणि तार षड्जाला कानात टोचल्यासारखे व्हावे. मुलाचा फोन आला तेव्हा त्याला सांगितले. तो म्हणाला, “बाबा, स्पीकर जुने झाले. नवे घ्या.” आजकालच्या मुलांचे कोणत्याही आजारावर हे एकच औषध असते.

माझी बँकेतली सवय मात्र वेगळी होती. लघुउद्योगासाठी कर्ज मागायला आलेला माणूस यंत्राचे रंगीत माहितीपत्रक टेबलावर पसरायचा. आमचे एक जुने शाखाधिकारी ते बाजूला सारून म्हणायचे, “मशीन नंतर बघू. आधी शेड दाखवा.” जागेला पाया नसेल तर भारीतले भारी यंत्र थरथरते, हे त्यांनी पुष्कळ बुडीत कर्जांतून शिकून ठेवले होते. म्हणून मीही ठरवले, आधी शेड बघू.

आता प्रश्न असा, की आपल्या जुन्या घरांमध्ये ही तक्रार का नव्हती? फरशी तिथेही दगडाचीच होती. पण त्या फरशीवर सतरंजी होती, कोपऱ्यात गाद्यांची चळत होती, त्यावर गोधड्या, दांडीवर कपडे, भिंतीतल्या कोनाड्यांत नाना वस्तू. वर लाकडी तक्तपोशी. मोठा आवाज झाला की ती पातळ लाकडी पाटही किंचित थरथरायची आणि त्यात खालच्या पट्टीचा थोडा आवाज जिरायचा. दारे-खिडक्या बहुधा उघड्याच. वाड्यातल्या दिवाणखान्यात बैठक झाली तर भिंतीलगत लोड, तक्के आणि मध्ये पन्नास माणसे. माणूस हीसुद्धा आवाज शोषून घेणारी फार चांगली वस्तू आहे. या सगळ्याला कोणी ध्वनिशास्त्र म्हणत नव्हते, पण ते होत होते. नव्या घरात आपण गाद्या पलंगाच्या पोटात कोंबल्या, कपडे कपाटात बंद केले, तक्तपोशीच्या जागी स्लॅब आला आणि धुळीसाठी खिडक्या लावून घेतल्या. घर स्वच्छ झाले, सुटसुटीत झाले आणि आवाजाला बसायला जागा उरली नाही.

दुसरीही एक गोष्ट आहे. कसलेला गवई बैठकीत पहिला षड्ज लावतो तेव्हा तो नुसता सूर लावत नसतो, खोलीही चाचपत असतो. खोली घुमणारी असेल तर तो तान जरा मोकळी घेतो, लय थोडी सांभाळतो. उघड्या मांडवात, आवाज गेला तो गेला अशी जागा असेल तर वेगळा बेत करतो. समोर गाणारा माणूस आपली खोली ऐकू शकतो. तबकडीला ते जमत नाही. ती कुठल्या तरी स्टुडिओत किंवा सभागृहात, तिथल्या भिंतींच्या सोबतीने एकदाच गायली गेलेली असते. आपण ती घरी लावतो तेव्हा त्या खोलीवर आपली खोली चढते. गवई जुळवून घेणार नाही म्हटल्यावर जुळवून घेण्याचे काम ऐकणाऱ्याकडे येते.

गाण्यापुरतेच असते तर मी कदाचित इतका हात धुऊन मागे लागलो नसतो. पण त्याच हॉलमध्ये रात्रीचे जेवण होते आणि त्या जेवणातून माझी बायको हळूहळू बाहेर पडत चालली होती.

तिने तीस वर्षे शाळेत शिकवले. साठ-साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावरची कुजबुज पकडणारे तिचे कान. साठी ओलांडल्यावर दोन्ही कानांना यंत्र लागले. वयानुसार कान जातात ते बहुधा वरच्या पट्टीकडून. आ, ओ, ई हे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. पण स, श, फ, त यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा भाग वर असतो, तो निसटतो. त्यामुळे कोणीतरी बोलते आहे हे कळते, काय बोलते ते कळत नाही. वाटी मागितली की पाटी की काठी, हे संदर्भाने ताडावे लागते. जुन्या घरात ती ताडत असे. नव्या घरात मुलगा, सून, दोन नातवंडे आली आणि सगळी एकदम बोलू लागली की ती पहिली पाच मिनिटे प्रत्येकाच्या तोंडाकडे पाही, मग नुसती हसे, आणि मग “तुमचं चालू दे, मी जरा आवरते,” म्हणून ताट घेऊन आत जाई. घरात कोणाच्या फारसे लक्षात येत नसे. शहाण्या माणसाचे माघार घेणे असेच असते, दाराचा आवाजही होत नाही.

तिच्या श्रवणतज्ज्ञांनी मला नीट समजावून सांगितले. म्हणाले, “काका, यंत्र आवाज मोठा करतं. पण समोरून आलेलं बोलणं आणि भिंतीवर आपटून आलेलं तेच बोलणं, यातलं खरं कुठलं हे त्याला पुरतं निवडता येत नाही. ते दोन्ही मोठं करतं. तरुण कान ही निवड आपोआप करतात. काकूंना यंत्राइतकीच चांगली खोली हवी.” तबकडीच्या तानेचे दाणे चिकटत होते आणि हिची अक्षरे चिकटत होती, ती एकाच कारणाने. त्या दिवसापासून माझ्या छंदाला घरात मंजुरी मिळाली.

खोलीत आवाज किती रेंगाळतो याचा हिशेब करता येतो, हे पहिल्यांदा दाखवले ते वॉलेस सबाइन या अमेरिकन माणसाने. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाने नवे फॉग कलासंग्रहालय बांधले. त्यातल्या व्याख्यानगृहात एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. म्हणजे प्राध्यापक पुढचे वाक्य बोलत असताना मागचे वाक्य वर्गात फिरतच असे. दुरुस्तीचे काम पदार्थविज्ञान विभागातल्या या सत्तावीस वर्षांच्या तरुणाकडे आले. सबाइनने ऑर्गनची एक नळी आणि वेळ मोजायचे घड्याळ घेतले. शांतता हवी म्हणून तो रात्री काम करी. शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या उशा मदतनीसांकडून उचलून आणायच्या, थोड्या थोड्या मांडत जायच्या, नळी वाजवून आवाज थांबेपर्यंतचा वेळ टिपायचा आणि सकाळच्या आत उशा जागच्या जागी पोहोचवायच्या. वर्षानुवर्षे हे चालले. त्यातून त्याला साधे सूत्र मिळाले: खोलीचे घनफळ जितके मोठे तितका आवाज जास्त रेंगाळतो, आणि खोलीत शोषून घेणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका कमी. पुढे १९०० साली उघडलेले बॉस्टनचे सिम्फनी हॉल याच हिशेबावर उभे राहिले आणि आजही ते जगातल्या उत्तम संगीतगृहांत गणले जाते.

सबाइनचे मला सर्वांत आवडलेले काम म्हणजे त्याने शोषणाचे माप कशात मोजले ते. त्याने मापाला एकक धरले उघडी खिडकी! उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे पूर्ण एक. गुळगुळीत गिलावा शंभरातला दोन-तीन भागच शोषतो, म्हणजे शंभर चौरस फूट भिंत मिळून दोन-तीन चौरस फुटांची खिडकी. जाड गालिचा, पडदा, गादी, माणूस, प्रत्येकाची अशी ‘खिडकी’ ठरते.

मग काय, बँकेतल्या माणसाला आयते खाते सापडले. फुटांत मोजायचे तर घनफळाला ०.०४९ ने गुणायचे आणि एकूण शोषणाने भागायचे, म्हणजे सेकंद मिळतात. आमच्या हॉलचे घनफळ १५८४ घनफूट. भिंती, छत, जमीन मिळून ८३८ चौरस फूट. रिकाम्या हॉलचे शोषण जेमतेम २५. म्हणजे आवाज रेंगाळण्याचा काळ तीन सेकंदांच्या वर! सामान आल्यावर तो उतरतो, पण सामान किती आणि कसले यावर ते अवलंबून. बोलणे स्वच्छ कळावे आणि गाणेही कोरडे होऊ नये यासाठी एवढ्या खोलीला अर्ध्या सेकंदाच्या थोडे आत यायला हवे. लहान खोलीत हे सूत्र अंदाजाचेच असते, पण अंदाजपत्रकाशिवाय काम सुरू करायचे नाही ही जुनी सवय.

कागदावर ताळेबंद मांडला. मूळ भिंती २५. साठ चौरस फुटांचा गालिचा १८. काचेवर चुण्यांचा जाड पडदा २०. सोफा आणि भारतीय बैठकीची गादी २०. पुस्तके १०. आम्ही दोघे मिळून ९. बेरीज १०२, म्हणजे पाऊण सेकंद. निम्मी मजल घरातल्या वस्तूंनीच मारली होती. उरलेले काम सुताराचे.

इथे थांबून एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. खोलीतला घुमारा म्हटले की पुष्कळांना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आठवतात. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी दोन भिंती त्याने मढवल्या. खोली खुराड्यासारखी दिसू लागली आणि डग्गा होता तसाच घुमत राहिला. कारण साधे आहे. आवाजाची लाट जितकी लांब, तितकी ती अडवणारी वस्तू जाड लागते. सेकंदाला हजार कंपनांचा आवाज जेमतेम एक फूट लांबीचा असतो. शंभर कंपनांचा सव्वाअकरा फूट. पुठ्ठा, पातळ फोम, भिंतीला चिकटवलेले कापड ही मंडळी फक्त वरचा आवाज खातात. वरचा मेला आणि खालचा शिल्लक, अशा खोलीत सगळ्या गवयांना पडसे झाल्यासारखे वाटते.

आणि फोमचा धोका त्याहून मोठा आहे. २००३ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातल्या एका नाइटक्लबात रंगमंचामागे लावलेल्या फोमने आतषबाजीच्या ठिणग्यांनी पेट घेतला आणि शंभर माणसे गेली. २०१३ साली ब्राझीलमधल्या सांता मारिया इथे तसेच घडले, २४२ बळी गेले. पॅकिंगचा किंवा गादीचा फोम भिंतीवर चढवू नये. आपल्या घरात तर निरांजन असते, उदबत्ती असते, दिवाळीत पणत्या असतात.

आम्ही वापरली ती रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून काढलेली लोकर. ती जळत नाही. चार इंच जाडीच्या, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच अशा आठ चौकटी सुताराकडून करून घेतल्या. लोकर भरताना हातमोजे आणि तोंडाला फडके हवेच, तिचे तंतू टोचतात आणि घशात जातात. वर कापड कुठले लावायचे याची परीक्षा सोपी आहे: कापड तोंडाला लावून फुंकर मारावी, पलीकडे गेली पाहिजे. आवाज आत शिरलाच नाही तर लोकर काय करणार! आम्ही जाडीभरडी खादी घेतली. ती लावण्याआधी सुताराने लोकर चहूबाजूंनी पातळ, सच्छिद्र कापडात बंद केली. चौकटी भिंतीला चिकटवल्या नाहीत, मागे तीन इंच पोकळी ठेवली. पोकळीमुळे तीच लोकर आणखी खालच्या आवाजापर्यंत काम करते. शिवाय आपल्या पावसाळ्यात मागे हवा खेळती राहून बुरशी धरत नाही.

चौकटी कुठे लावायच्या, हे नातवाने ठरवले. ही युक्ती घरोघरी करण्यासारखी आहे. ऐकणाऱ्याने आपल्या खुर्चीत बसावे. दुसऱ्याने हातात आरसा घेऊन तो बाजूच्या भिंतीवरून सरकवत न्यावा. खुर्चीतून आरशात ज्या जागी स्पीकर दिसेल, नेमकी तिथूनच त्या स्पीकरच्या आवाजाची पहिली टोलवाटोलवी कानाकडे येत असते. उजेडाचा आणि आवाजाचा इथे एकच कायदा. नातू आरसा घेऊन भिंत चाचपत होता, नात पेन्सिलने फुल्या मारत होती आणि सुतार म्हणत होता, “साहेब, आजवर हजार घरं केली, पण असं माप कुणी दिलं नाही.” दोन्ही बाजूंना दोन-दोन, मागच्या भिंतीला तीन आणि एक छताला, पंख्याच्या पुढे.

राहिला खर्ज. हा सगळ्यांत हट्टी गडी. काळी एक ही आपल्याकडच्या पुष्कळ पुरुष गायकांची पट्टी. तिच्या तंबोऱ्यातला खर्ज सेकंदाला सुमारे ६९ कंपनांचा. आवाज सेकंदाला सव्वाअकराशे फूट धावतो, तेव्हा या खर्जाच्या लाटेची लांबी होते सोळा फुटांहून थोडी अधिक. आणि आमचा हॉल सोळा फुटांचा! लाट आणि खोली अशी मापाला मिळाली की लाट पुढे-मागे जाऊन जागच्या जागी उभी राहते. काही ठिकाणी ती फुगते, काही ठिकाणी जवळजवळ नाहीशी होते. या हॉलमध्ये दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी आणि नेमक्या मध्यावर खर्ज अंगावर येतो. भिंतीपासून चार फुटांवर तो हरवतो. शांतपणे जागा बदलत गेले तर हे कोणालाही ऐकू येते. त्यात यंत्राचा काही दोष नसतो.

यावर पहिला उपाय खुर्ची हलवण्याचा. मागच्या भिंतीपासून सहा फुटांवर खर्ज माफक मिळतो, म्हणजे साधारण लांबीच्या तीन-अष्टमांशावर. घरातून हरकत आलीच. “अहो, हॉलच्या मध्ये खुर्ची म्हणजे काय, न्हाव्याचं दुकान आहे का? येणारा-जाणारा अडखळतो.” तडजोड अशी निघाली की गालिच्यावर दोन खुणा करायच्या, ऐकताना खुर्ची खुणेवर, उठल्यावर भिंतीला. दुसरा उपाय कोपऱ्यांचा. खालचा आवाज कोपऱ्यात सर्वाधिक दाटतो, म्हणून दोन कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलचे जाड त्रिकोणी खांब उभे केले. खादीत गुंडाळलेले ते खांब बघून ही म्हणाली, “कणग्या झाल्या. आता ज्वारी भरा.” तेव्हापासून घरात त्यांना कणग्याच म्हणतात.

ताळेबंदात आठ चौकटींचे ६४ आणि कणग्यांचे ३० जमा झाले. १०२ चे १९६ झाले. भागाकार केला: ०.४ सेकंद.

याच्या पुढे जाऊ नये. खोलीतला सगळाच आवाज मारून टाकला तर गाणे कापसात गुंडाळल्यासारखे होते आणि बोलणाऱ्याला आपलाच आवाज परका वाटतो. थोडा आवाज परत यायला हवा, फक्त तो एका दिशेने फटका मारल्यासारखा न येता विखरून यावा. मान्फ्रेड श्रोडर या जर्मन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात यासाठी अंकगणितातून चौकटी काढल्या. सातच्या पाढ्यातली गंमत बघा: ० ते ६ या संख्यांचे वर्ग करा, सातने भागा आणि बाकी लिहा. ०, १, ४, २, २, ४, १. या प्रमाणात खोल-उथळ खाचा केल्या की त्यावर आपटलेला आवाज सगळीकडे विखुरतो. एवढी कारागिरी घरात नको असेल तर पुस्तकांचे उघडे कपाट त्याची धाकटी बहीण समजावी. पुस्तके एका रेषेत लावू नयेत. थोडी पुढे, थोडी मागे. माझ्या कपाटाचा अव्यवस्थितपणा त्यामुळे कायमचा माफ झाला आहे.

एक गैरसमजही दूर करायला हवा. ही सगळी खटपट खोलीच्या आतल्या आवाजासाठी आहे. शेजाऱ्याकडे जाणारा आवाज याने थांबत नाही. त्याला जाड, जड भिंत आणि बंद फटी लागतात, लोकर नव्हे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे आणि शेजारधर्माची मर्यादा त्याहूनही जुनी आहे. फरक पडतो तो असा, की घुमारा गेल्यावर आवाज मोठा करावासाच वाटत नाही. पूर्वी बटण जिथे न्यावे लागे त्याच्या निम्म्यावर आता तान मोकळी होते.

या साऱ्याला जे पैसे लागले, त्यात मुलाने सुचवलेल्या नव्या स्पीकरांपैकी एकही आला नसता. तंबोरा जुळवल्याशिवाय कोणी गायला बसत नाही. मग खोली न जुळवता ऐकायला का बसावे?

हिचे कान परत आले नाहीत. ते येणारही नाहीत. पण मागच्या गणपतीत चौदा माणसे त्या हॉलमध्ये जेवायला होती. नात कॉलेजमधली कसलीशी गोष्ट अर्ध्या आवाजात, फक्त भावाला ऐकू जाईल अशा बेताने सांगत होती. टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून ही म्हणाली, “अगं, मग त्या मुलाचं पुढे काय झालं?” सगळे टेबल एकदम गप्प झाले आणि नातीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जेवण उरकेपर्यंत ही तिथेच बसून होती.

वाचकांपैकी सर्वांनाच तबकड्यांचे वेड असेल असे नाही, नसले तरी बिघडत नाही. पण ज्यांच्या घरात कोणी हल्ली जेवताना नुसते हसत असेल, ‘काय?’ असे विचारण्याचाही ज्याला संकोच वाटू लागला असेल, त्यांनी या रविवारी जेवणाच्या टेबलापाशी एक टाळी वाजवावी. ती रेंगाळली तर टेबलावर जाड कापड घालावे, खाली सतरंजी टाकावी, काचेवर पडदा सोडावा, पुस्तकांचे कपाट आतल्या खोलीतून बाहेर आणावे आणि रस्त्यावर वर्दळ नसेल तेव्हा खिडकी उघडावी. सुताराला बोलवायचे की नाही, ते त्यानंतर ठरवता येईल.